शुभा, गोहलपूरचा निकाल लागला

शुभा,

भांडण अर्धवट टाकून जायची तुझी सवय नव्हती. कितीही ताणलं गेलं तरी दोन-चार दिवसांत तू बँकेच्या माझ्या शाखेत यायचीस, केबिनच्या दारात उभी राहून म्हणायचीस, "अच्छा चलो, आता माझं ऐक," आणि जिथे सोडलं होतं नेमकं तिथून पुढे सुरू करायचीस. या वेळी आपण रविवारी भांडलो आणि मंगळवारी सकाळी तू गेलीस.

ऑफिसला निघायची तुझी तयारी झाली होती. काकू सांगतात, मे महिन्याचं ऊन म्हणून तू आरशासमोर तोंडाला स्टोल गुंडाळत होतीस आणि गुंडाळता गुंडाळताच खाली बसलीस, चप्पल घालायला बसावं तशी. काकूंना वाटलं, लेकीला चक्कर आली असेल. त्या पाणी घेऊन येईपर्यंत तू हाकेला ओ देईनाशी झाली होतीस. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, कुणाच्या हातात काही नव्हतं. हे मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते आहे. तेच वाक्य, त्याच शब्दांत. सांगताना माझा आवाज अगदी स्थिर असतो. मग घरी येते, स्कूटर उभी करते आणि हेल्मेट न काढता तशीच उभी राहते. हेल्मेटच्या आत रडलेलं शेजाऱ्यांना दिसत नाही.

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले, मांडवाच्या खुर्च्या उचलल्या गेल्या, आणि मला अजून तुझ्याशी भांडायचंच आहे. भांडणातला माझा वाटा माझ्याजवळ तसाच पडून आहे. तो घेऊन मी कुठे जाऊ, सांग.

बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. दोन बायका, एका बँकेत, एका शहरात, सगळी उमर कशावरून भांडल्या? तर बँकेच्या मॅनेजरला मार्क कसे द्यावेत यावरून. शाखेने किती धंदा केला ते बघावं, की शाखेत येणारा माणूस तिथून कसा बाहेर पडतो ते बघावं. मी धंद्याच्या बाजूची, तू माणसाच्या. आपल्या दोघींच्याही घरच्यांना हा विषय पाठ झाला होता. काकू तर म्हणायच्या, "तुम्ही दोघी जेवताना तरी बँक बंद ठेवा."

आपण एकाच दिवशी जबलपूरच्या नेपियर टाउन शाखेत लागलो. तुझं घर गढ्याचं, पिढ्यान् पिढ्या इथे, मराठ्यांच्या चाकरीत आलेल्यांचं. माझे आजोबा अमरावतीकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आलेले. तुझ्याकडे "का गं" म्हणत, आमच्याकडे "काहून वं". पहिल्याच आठवड्यात तू माझं "काहून" उचललंस. आधी चिडवायला. पुढे ते तुझंच झालं. मोठमोठ्या साहेबांसमोर सगळे हिंदीत, इंग्रजीत माना डोलवत असताना तू माझ्याकडे झुकून हळूच म्हणायचीस, "पण काहून?" आणि मग तोच प्रश्न उभी राहून स्वच्छ हिंदीत विचारायचीस.

तुझ्या या सगळ्या हट्टाची सुरुवात कुठे झाली ते मी पाहिलेलं आहे. आपलं ते पहिलंच मार्चअखेर होतं. एक निवृत्त शिक्षिका यायच्या, सगळे त्यांना बहनजी म्हणायचे. त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुदतठेव मोडायची होती. आपले साहेब प्रत्येक वेळी गोड हसून म्हणायचे, "बहनजी, आज सिस्टम थोड़ा धीरे चल रहा है, परसों आइए." सिस्टम व्यवस्थित चालत होतं. एकतीस मार्चच्या आधी शाखेतून ठेव बाहेर जाऊ द्यायची नव्हती, एवढंच. बहनजी रिक्षातून उतरायच्या, भिंतीला हात लावत काउंटरपर्यंत यायच्या आणि भिंतीला हात लावत परत जायच्या. शेवटी तू उठलीस, त्यांचा अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलीस. काचेतून मला फक्त तुझी पाठ दिसत होती. बाहेर आलीस तेव्हा अर्ज तुझ्या हातात तसाच होता आणि कान लाल झाले होते. पैसे एप्रिलमध्येच मिळाले त्यांना. ऑपरेशनला उशीर झाला आणि एका डोळ्याचं दिसणं फारसं परत आलं नाही.

त्या वर्षी साहेबांना उत्तम शाखाधिकारी म्हणून चषक मिळाला. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले. तू पेढा हातात धरून बसलीस आणि मला म्हणालीस, "वसू, या चषकात बहनजींचा एक डोळा आहे."

मी म्हटलं होतं, "एवढं मनाला लावून नको घेऊ. धंदा झाला नाही तर बँक चालेल कशी? आपले पगार कुठून येतील? दुसऱ्या कुणाच्या डोळ्यासाठी कर्ज द्यायला पैसा कुठून येईल?"

तू म्हणालीस, "हे पण खरं आहे. हेच तर वाईट आहे."

तिथून सुरू झालं आपलं भांडण. ते किती वर्षं चाललं ते मोजायचं मी सोडून दिलं.

नंतर बदल्या झाल्या. तू छिंदवाडा, मी सागर, तू कटनी, मी परत इथे. तू लग्न केलं नाहीस. का नाही, हे आपण एकदाच बोललो आणि पुन्हा नाही. मला नेपियर टाउनची तीच शाखा मिळाली, आता मॅनेजर म्हणून. आणि मग तू विभागाची प्रमुख होऊन जबलपूरला आलीस, म्हणजे माझी साहेब झालीस. लोकांना वाटलं, आता वसुधाबाईंची चैन आहे. त्यांना तू माहीत नव्हतीस.

वरच्यांना पटवून तू आपल्या विभागापुरती नवी पद्धत आणलीस. मॅनेजरचे अर्धे मार्क धंद्याचे, अर्धे ग्राहकांचे. पहिल्या वर्षी मी धंद्यात सगळ्यांत वर होते आणि ग्राहकांच्या अर्ध्यात जवळजवळ तळाला. तू मला समोर बसवून ते सांगितलंस. मैत्रीण म्हणून चहा मागवलास, साहेब म्हणून आकडा दाखवलास.

मी भडकले. "लोक नाखूश असते तर माझ्याकडे आले असते का?"

"कुठे जातील? कोचिंगवाले, दवाखानेवाले, सगळ्यांची दुकानं तुझ्या शाखेच्या भोवती आहेत. त्यांना दुसरीकडे जायला वेळ नाही, म्हणून ते तुझ्याकडे येऊन राहिले. तू एकदा स्वतः शिक्षणकर्ज मागायला जा. तुझ्या शाखेत ते टेबल वरच्या मजल्यावर आहे. पोरांचे आईबाप गुडघे धरून चढतात, आणि वर गेल्यावर कळतं की साहेब खाली गेलेत."

मी बरेच दिवस तुझ्याशी कामापुरतंच बोलले. पण ते टेबल मी खाली आणलं. आज तिथे माणसं बसलेली दिसतात, पंख्याखाली, हातात फाइल, शेजारी पोर. हे तुझ्यामुळे आहे हे मी तुला कधी म्हटलं नाही. तुला ते दिसत होतंच. तू आलीस की आधी त्या टेबलाकडे बघायचीस, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता केबिनमध्ये शिरायचीस. तेवढं माझ्यासाठी पुष्कळ होतं.

आणि तो तुझा उन्हाळ्यातला उद्योग. आठवून अजून हसू येतं आणि मग पुढचं काही सुचत नाही. ग्राहकांच्या फोनवर संदेश जायचा, सेवा कशी वाटली, किती तारे द्याल; ग्राहकांचे मार्क त्यावरूनच ठरायचे. तारे सगळीकडून भराभर येऊ लागले, आणि तुला संशय आला. भर दुपारी तोंडाला स्टोल, डोळ्याला काळा चष्मा, अंगात जुना कुर्ता, आणि तू एका शाखेच्या रांगेत जाऊन उभी राहिलीस. जबलपूरच्या उन्हात सगळ्याच बायका तशा दिसतात, तुला कोण ओळखणार? काम झाल्यावर काउंटरवरच्या मुलीने हात पुढे केला, "लाओ आंटी, फ़ोन दो, मैं दबा देती हूँ." तुझ्या देखत तुझ्या फोनवरून तिने पाच तारे दिले. तुझ्याच पद्धतीचे, तुझ्याच फोनवरून.

तू तिथून थेट माझ्या घरी आलीस. सांगताना इतकी हसलीस की डोळ्यांत पाणी आलं. मग हसू थांबलं आणि पाणी थांबलं नाही. "वसू, मी मार्क आणले आणि यांनी त्याचंही टार्गेट केलं. त्या म्हाताऱ्या माणसांच्या हातातून फोन काढून घेतात गं. आधी बहनजींना नुसतं परत पाठवत होते. आता परत पाठवतात आणि वरून खूश आहे म्हणून लिहून घेतात."

मी त्या दिवशी तुला "बघ, मी म्हटलं होतं" असं म्हणाले नाही. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या गोष्टींत मी ती धरते.

तू हरली नाहीस. तारे बंद केलेस. स्वतः जाऊन बसायला लागलीस, कधी शाखेच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर, कधी ग्राहकाच्या दुकानात. खूश आहात का, असं विचारणंच सोडून दिलंस. विचारायचीस, कशासाठी आला होतात, ते झालं का, आणि त्यासाठी कितीदा यावं लागलं. साधे प्रश्न. पण त्या प्रश्नांना कुणाला खोटं उत्तर देता येईना.

त्या प्रश्नांमधून तिवारी वर आला. गोहलपूर शाखेचा मॅनेजर. बुटका, घामाघूम, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. तिथले सलवार-सूट शिवणारे, लोखंडी कपाटं करणारे, किराणावाले, सगळे त्याला "मैनेजर भैया" म्हणायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज तो स्वतः भरायचा. कुणाची पेन्शन अडली तर तो फोन करत बसायचा. तू त्याच्यावर फिदा होतीस. म्हणायचीस, "असा एक माणूस त्या वेळी नेपियर टाउनमध्ये असता तर."

पण त्याची शाखा कमवत नव्हती, शुभा. ठेवी नव्हत्या, नवा धंदा नव्हता. ग्राहकांच्या अर्ध्यात तो सगळ्यांत वर, धंद्याच्या अर्ध्यात सगळ्यांत खाली. दोन्हींची बेरीज केली की तो मधोमध दिसायचा. मी पण तशीच, उलट्या बाजूने. तू हसायचीस, "तू आणि तिवारी माझ्या तक्त्यात शेजारी शेजारी राहता." आणि मधोमध दिसणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

त्या रविवारी तू आलीस तेव्हा मी भरताची वांगी भाजत होते. तू ओट्याला टेकून उभी राहिलीस. चेहरा उतरलेला.

"ते गोहलपूर बंद करून राहिले."

"शाखा?"

"मोठ्या शाखेत मिळवणार म्हणे. पत्र निघायचं बाकी आहे. वसू, तिथली म्हातारी माणसं ऑटो करून पेन्शन आणायला जातील का आता? काहून? ज्या शाखेवर लोक एवढा जीव टाकतात तीच काहून?"

मी गॅस बंद केला. मला माहीत होतं, आता जे बोलेन ते तुला लागेल. तरी बोलले.

"शुभा, ती शाखा कमवत नाही हे तुला दोन वर्षं दिसत होतं. तू तिवारीला सांगितलंस का?"

"त्याचे धंद्याचे मार्क कमीच दिले मी."

"दिलेस, आणि मग दुसरे मार्क त्यात मिळवून ते झाकून टाकलेस. त्याला वाटलं, चाललंय बरं. त्याला कुणी सरळ सांगितलं असतं तर तो उन्हातान्हात धावला असता. लोकांचं प्रेम होतं त्याच्यावर, ते त्याच्या कामी आलं असतं. तुझ्या बेरजेने ती शाखा बुडवली."

तू ओट्यावरचा हात काढून घेतलास. मग म्हणालीस, "म्हणजे तिवारी चांगला वागला ही त्याची चूक."

"मी असं म्हटलं नाही."

"बहनजींना विसरलीस तू, वसू."

"नाही विसरले. पण ती शाखाच बंद झाली असती तर बहनजी कुठे गेल्या असत्या?"

तू चप्पल घातलीस. मी म्हटलं, जेवून जा. तू म्हणालीस, "भूक नाही. याचं उत्तर मी देईन तुला." फाटक लावलंस. नेहमीसारखं हळू, आवाज न करता. चिडलेली असतानासुद्धा तू दार आपटायची नाहीस.

बेरजेचं ते वाक्य मी मागे घेत नाही. तू असतीस तर तुलाही ते आवडलं नसतं, मी रडून माघार घेतलेली. बेरजेबद्दल माझं म्हणणं बरोबर होतं असं मला आजही वाटतं. पण बरोबर असण्याचं करायचं काय, शुभा? ज्याच्याशी वाद होता तो माणूसच उरला नाही, तर बरोबर असणं म्हणजे नुसतं तोंडात धरून बसलेलं कडू औषध. ना गिळता येत, ना थुंकता येत.

तुझं उत्तर मला मिळालं. ते तिवारी घेऊन आला.

दहाव्याच्या आधी तो तुझ्या घरी आला. ओसरीत कोपऱ्यात बसून राहिला. काकूंना नमस्कार केला. मी पाणी दिलं तर ग्लास हातात धरून मला म्हणाला, "वसुधा मैडम, सोमवार को शुभदा मैडम आई थीं हमारे यहाँ."

सोमवार. म्हणजे आपण भांडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी त्याच्या शेजारी खाली बसले.

"चाय भी नहीं पी. बैठते ही बोलीं, तिवारीजी, लोग आपसे बहुत खुश हैं, और आपकी शाखा डूब रही है. दोनों बातें सच हैं. मैं आज तक दोनों को जोड़कर आपको एक बात बताती रही. आज अलग-अलग बता रही हूँ."

मग तू त्याला घेऊन बाहेर पडलीस म्हणे. भर उन्हात, दुकान दुकान. सूट शिवणाऱ्या एका म्हाताऱ्या मालकाच्या कारखान्यात शिरलीस. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचा तिवारीची तारीफ करू लागले, तर तू म्हणालीस, "चाचा, तारीफ़ मैनेजर भैया की करते हो और धंधे का खाता दूसरे बैंक में रखते हो. ये कैसी मोहब्बत है?" कारखान्यातली सगळी माणसं मशीन थांबवून हसली. चाचा ओशाळून म्हणाले, "बिटिया, हमसे किसी ने माँगा ही नहीं. हम समझे, इनको ज़रूरत नहीं."

"सच बात है," तिवारी म्हणाला. "मुझे माँगने में शरम आती थी. लगता था, माँगूँगा तो लोग समझेंगे कि इसी के लिए मीठा बोलता था."

हे ऐकून मी त्याच्याकडे नीट बघितलं. पहिल्यांदाच. इतकी वर्षं तो माझ्यासाठी तक्त्यातला शेजारी होता. मला वाटायचं, आळशी असेल किंवा धंद्याची अक्कल नसेल. त्याची अडचण तिसरीच होती, आणि तुझ्या मार्कांना काय किंवा माझ्या मार्कांना काय, ती कधी कळलीच नसती. समोर बसून विचारावंच लागलं असतं. तू विचारलंस.

"और एक बात बोलीं जाते-जाते," तिवारी म्हणाला. "बोलीं, बुधवार को वसुधा मैडम को लेकर आऊँगी. उनको माँगना आता है, आप उनसे सीख लेना. और आपको सुनना आता है, वो आपसे सीख लेंगी. बोलीं, मानेंगी नहीं पहले, फिर मान जाएँगी."

शुभा, त्या बुधवारी मी तुझ्या खोलीत काकूंचा हात धरून बसले होते आणि बाहेर तुझा भाऊ नर्मदेच्या ग्वारीघाटावरच्या विधींचं गुरुजींशी बोलत होता.

तू मला घ्यायला येणार होतीस. अच्छा चलो म्हणणार होतीस. तुझ्या उत्तरात अर्धी बाजू माझी होती, आणि ती मान्य करायला तू स्वतः येणार होतीस. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा जिंकत होते. तू मला हवी होतीस गं तेव्हा समोर. थोडी तोंड वाकडं करून, थोडी हसत. ते बघायला मी कितीही वेळा हरले असते.

मी गेले गोहलपूरला. सुतकात तुझ्या घरी बसून राहण्यापेक्षा तुला तेच आवडलं असतं असं मीच ठरवलं. तिवारी पुढे, मी मागे. मी मागत होते. सरळ मागत होते, जसं मला येतं तसं. आणि तो प्रत्येक दुकानात आधी विचारत होता, बेटी का दाख़िला हुआ क्या, अम्मा का घुटना कैसा है. मला पहिल्या दिवशी वाटलं, हा वेळ घालवतो आहे. दुसऱ्या दिवशी एका कपाटवाल्याने माझ्याकडे न बघता त्याला विचारलं, "भैया, आप कह रहे हो तो ठीक है ना?" आणि तो "ठीक है" म्हणाल्यावरच खातं द्यायला तयार झाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझं मागणं त्याच्या विचारपुशीवर उभं होतं. तू सांगितलं होतंस, मानेंगी नहीं पहले. मानलं मी.

एका दुकानात एक बाई माझ्यावर चिडली. म्हणाली, "इतने साल कहाँ थे आप लोग? अब शाखा बंद होने लगी तो खाते याद आए?" मी काही बोलणार तेवढ्यात तिवारी म्हणाला, "आप सही कह रही हैं, दीदी." बस, एवढंच. तिने आम्हाला पाणी दिलं. खातं दिलं नाही. बाहेर येऊन तो म्हणाला, "अगली बार देंगी." मी म्हटलं, "नहीं दिया तो?" तो म्हणाला, "तो भी पानी तो पिलाया ना." मला इतका राग आला त्याचा, आणि इतकी तुझी आठवण आली, की मी रस्त्यातच थांबले. तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं, मला ऊन लागलं.

काल, तेराव्याची पानं वाढत असताना, तुझ्या ऑफिसातल्या एकाचा फोन आला. गोहलपूरचा निकाल लागला. नवी खाती येताहेत म्हणून शाखा तूर्त बंद करत नाहीत. वर्षभर बघणार, मग ठरवणार. तिवारी तिथेच राहील. पुढच्या वर्षी काय होईल कुणी सांगू शकत नाही. तुझ्या जागी कोण येईल, तो मार्क कसे देईल, तेही माहीत नाही. तुझी पद्धत ठेवतील की मोडतील, तेही नाही. मी एवढंच करू शकते की जो येईल त्याला दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाचायला सांगेन, आणि मग माणसाला समोर बसवायला सांगेन. ऐकेल न ऐकेल.

मी फोन ठेवला आणि पुन्हा वाढायला घेतलं. वरण पानाबाहेर सांडलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर काकू आणि मी दोघीच उरलो. तुझा भाऊ मुलांना घेऊन बाहेर गेला होता. काकू पलंगावर, मी खाली. त्यांनी एकदम विचारलं, "वसू, शुभा एवढ्या सगळ्यांना मार्क द्यायची. तिला कोण मार्क द्यायचं गं?"

मी म्हटलं, "वरचे साहेब, काकू."

"मग? चांगले द्यायचे ना?"

शुभा, तू घरी कधी सांगितलं नव्हतंस. मागच्या वर्षी तुझी बढती राहिली ते. तुझ्या विभागाचा धंदा मागे पडला म्हणून वरच्यांनी तुला काय काय ऐकवलं ते. तू फक्त मला सांगितलंस, तेही हसत, भजी खाता खाता. तू केलेल्या पद्धतीत तूच बसत नव्हतीस, तुला मात्र सगळे मार्क एकाच बाजूचे. मला काकूंना खोटं सांगता आलं असतं. त्यांच्या त्या वयात, त्या दिवशी, कुणी मला दोष दिला नसता. पण काकूंचे डोळे तुझ्यासारखे आहेत.

"नाही काकू," मी म्हटलं. "साहेब लोक तिच्यावर फारसे खूश नव्हते."

काकूंनी मान हलवली. जणू त्यांना ते आधीपासून माहीत होतं.

"आणि लोक?"

"लोकांना कुणी विचारलंच नाही, काकू."

बाहेर गढ्याच्या गल्लीत भाजीवाला ओरडत जात होता. मग पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, "मला विचारायचं होतं कुणीतरी. सगळी उमर मी तिच्याबरोबर राहिले. माझी तिच्याबद्दल एकच तक्रार आहे. जाताना सांगून गेली नाही."